सृष्टीचे रंग आणि घरची गोधडी



वसंतातल्या व्याख्यानात रंगांवर बोलायला फार प्रस्तावना लागू नये. बाहेर बहावा पिवळा झाला आहे, गुलमोहोर पेटला आहे आणि पळसाचा बहर नुकताच सरून गेला आहे. परंतु आज मी फुलांच्या शोभेविषयी बोलणार नाही. झाडातला रंग कापडावर कसा उतरतो, उतरल्यावर तो टिकतो की नाही, आणि त्या कापडाचे पुढे आपल्या घरात काय होते, एवढाच माझा विषय आहे. विषय चुलीजवळचा आणि सुईदोऱ्याचा आहे. पण एवढ्याशा विषयात रसायन आहे, इतिहास आहे आणि शेवटी न्यायान्यायाचा एक प्रश्नही आहे.

प्रथम आपल्या भाषेकडेच पाहू. घरातल्या वडीलधाऱ्या बाईला लुगड्यांच्या रंगांची नावे विचारा. ती सांगेल: जांभळा, डाळिंबी, अबोली, आमसुली, अंजिरी, मोतिया, पोपटी, मोरपंखी, राखाडी. यांतले बहुतेक नाव फळाचे, फुलाचे, पाखराचे, नाहीतर चुलीतल्या राखेचे आहे. सृष्टीकडे पाहून रंग निवडण्याची दृष्टी आपल्याला कोणी नव्याने द्यायला नको. गंमत एवढीच की, ज्याचे नाव रंगाला दिले त्याच्यापासून तो रंग कापडावर येतोच असे नाही. जांभळाचा रस अंगरख्यावर सांडला तर डाग पडतो खरा, पण तो लवकरच मळकट होऊन जातो. डाळिंबाचे लाल दाणे रंगाऱ्याच्या फारसे कामाचे नाहीत. आपण उकिरड्यावर टाकतो ती साल मात्र चांगला पिवळा रंग देते. डोळ्यांना दिसणारा रंग वेगळा आणि धाग्याला धरणारा रंग वेगळा. हा भेद ज्याने ओळखला तो पहिला रंगारी.

धाग्याला रंग धरायचा तर बहुधा मध्यस्थ लागतो. त्याला रंगबंधक म्हणतात. आपल्याकडे तुरटी आणि हिराकस ही दोन मुख्य. रेशीम व लोकर तुरटी सहज घेतात. सुती कापड मात्र हट्टी असते. म्हणून ते आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवायचे. हिरड्यातले तुरट द्रव्य धाग्याला चिकटते, त्याला तुरटी चिकटते आणि तुरटीला रंग. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात महादेव कोळी कुटुंबे जो हिरडा गोळा करतात, तो केवळ वैद्यांच्या पुडीसाठी नाही, हे आपण लक्षात ठेवावे.

या मध्यस्थाचा प्रताप असा की, रंगाचे पाणी एकच असले तरी मध्यस्थ बदलला की रंग बदलतो. मंजिष्ठेच्या मुळीच्या काढ्यात तुरटीचे कापड टाकले तर ते लाल होते. हिराकसाचे टाकले तर काळपट जांभळे होते. डाळिंबाच्या सालीचा पिवळा रंग लोहाचा स्पर्श होताच हिरवट करडा होतो. कच्छचे अजरख छापणारे कारागीर याच गुणाचा उपयोग करतात. ते कापडावर लाल रंग छापत नाहीत. लाल जिथे यायला हवा तिथे तुरटी छापतात आणि मग सबंध कापड रंगाच्या कढईत घालतात. हे ज्ञान फार जुने आहे. मोहेंजोदडोच्या उत्खननात एका चांदीच्या भांड्याला चिकटलेला सुती कापडाचा तुकडा सापडला, तो मंजिष्ठेच्या जातीच्या रंगाने रंगविलेला होता.

निळीची तऱ्हा निराळी. तिला मध्यस्थ लागत नाही. तिला हवा लागते. निळीची पाने पाण्यात कुजवून, ते पाणी घुसळून जी निळी वडी मिळते ती पाण्यात विरघळतच नाही. म्हणून हौदात ती आंबवावी लागते. मग ती विरघळते आणि पिवळसर हिरवी होते. त्या हौदातून काढलेले कापड आधी हिरवे दिसते आणि हवा लागताच पाहता पाहता निळे होते. हे ज्याने एकदा पाहिले त्याला रंग हा धंदाही आहे आणि चमत्कारही आहे, हे पटवून द्यावे लागत नाही.

एवढी विद्या आपल्या हातांतून गेली कशी? १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा कोळशाच्या डांबरापासून क्विनीन करू पाहत होता. क्विनीन झाले नाही, जांभळा रंग मात्र झाला. १८६९ च्या सुमारास मंजिष्ठवर्गातले लाल द्रव्य जर्मनीत प्रयोगशाळेत तयार झाले आणि १८९७ साली कृत्रिम नीळ बाजारात आली. कारखान्यातला रंग स्वस्त होता, वेळ वाचवीत होता आणि प्रत्येक पुडीत सारखा होता. आपल्याकडे आलीच्या म्हणजे बारतोंडीच्या मुळीपासून लाल खारवा रंगविणारे होते, करडईच्या पाकळ्यांचा कुसुंबा काढणारे होते, निळीवर पोट भरणारे निळारी होते. त्यांची विद्या पोथीत नव्हती, बोटांत होती. धंदा गेला तशी बोटे विसरली.

पण येथे मी एक सावधगिरीची सूचना देतो. जुने ते सारे निर्मळ, असे मानून आपण या विषयात पडू नये. निळीचा रंग सुंदर आहे, परंतु बंगालच्या रयतेने १८५९ साली मळेवाल्यांविरुद्ध उठाव केला तो याच निळीच्या सक्तीमुळे. चंपारण्यात बिघ्यातल्या वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांत नीळ लावलीच पाहिजे, असा जुलूम होता. १९१७ साली गांधीजी तेथे गेले ते त्यासाठी. रंग वनस्पतीचा असला म्हणून व्यवहार सात्त्विक होत नाही. तसेच कृत्रिम ते सारे विष असेही नाही. काही कृत्रिम रंग घातक ठरले आणि १९९० नंतरच्या दशकात जर्मनीने व आपल्या सरकारने त्यांवर बंदी घातली. पण झाडाचा रंग पक्का करण्यासाठी कोणी क्रोमची लवणे वापरली आणि ते पाणी ओढ्यात सोडले, तर तो ओढा काही झाडाच्या नावाने शुद्ध राहत नाही.

मग आज हे प्रयोग करायचे कशासाठी? ज्या वर्षापासून ही वसंत व्याख्यानांची परंपरा पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी सुरू केल्याचे सांगतात, त्याच १८७५ साली इंग्लंडात विल्यम मॉरिस नावाचा कवी व कारागीर लीक गावी टॉमस वॉर्डल या रंगाऱ्याकडे जाऊ लागला. नव्या डांबरी रंगांचा त्याला वीट आला होता. त्याने बाह्या वर करून निळीच्या हौदात हात घातले. पुढे १८८३ साली त्याने आपल्या बागेतली फळे चोरणाऱ्या पाखरांचे जे छापील कापड केले, ते निळीच्या निळ्यावर उभे आहे. मॉरिसने जुने ग्रंथ वाचले, पण तेवढ्यावर तो थांबला नाही. पुनःपुन्हा करून पाहिले. सृष्टीपासून स्फूर्ती घेणे म्हणजे कापडावर पाने-फुले काढणे एवढेच नव्हे. सृष्टी ज्या रीतीने काम करते, म्हणजे वेळ घेऊन, पाण्याच्या व ऋतूच्या धर्माने, ती रीत हाताने समजून घेणे, हा त्याचा मोठा अर्थ आहे. कच्छात २००१ च्या भूकंपानंतर धमडक्याच्या पाण्यातले लोह वाढले. लोह वाढले की लाल रंग मळतो, हे आपण आताच पाहिले. म्हणून अनेक कारागीर कुटुंबांनी अजरखपूर हे नवे गाव वसविले. पाण्यासाठी शेतकरी गाव सोडतो हे आपण जाणतो. रंगासाठी पाणी शोधत जाणारी माणसेही आहेत.

आता गोधडी. कोणी तिला वाकळ म्हणतात. विरलेली लुगडी आणि धोतरे यांचे थर अंगणात पसरायचे, वर रंगीत तुकडे मांडायचे आणि कडेपासून आत आत धावदोरा घालीत जायचे. एकेक वस्त्र जीर्ण झालेले असते. टाक्यांनी एकत्र आले की ती जीर्ण वस्त्रेच थंडी अडवितात. बंगालची कांथा याच कुळातली. उत्तर कर्नाटकातल्या सिद्दी स्त्रिया आपल्या कवंदीच्या कोपऱ्यांवर घडी घातलेले कापडी फूल शिवतात. फुलाशिवाय कवंदी त्यांना उघडी वाटते. गरजेपुरते शिवून झाल्यावरही जे एक फूल शिवावेसे वाटते, तेथे कला सुरू होते.

रंगाचा प्रयोग करणाऱ्यांना मी सुचवितो की, त्यांनी आपली वही आणि आपली गोधडी एकच करावी. कापड आधी स्वच्छ धुवा, म्हणजे त्याची खळ जाईल. मग त्याचे वजन, हिरडा, तुरटी, साल किंवा फूल यांचे वजन, उकळण्याचा वेळ, पाणी विहिरीचे की नळाचे, हे लिहा. प्रत्येक रंगाची एक पट्टी कापून अर्धी उन्हात व अर्धी पुस्तकात महिनाभर ठेवा. हळद आणि पळस उन्हात लाजतात, नीळ व मंजिष्ठ पुष्कळ टिकतात, हे तुम्हांला कोणी सांगावे लागणार नाही. सागाचे कोवळे पान चुरले की बोटे लाल होतात, हे रानातल्या पोरांना ठाऊक असते. ते पान कापडावर काय करते ते पाहा. पॉलिएस्टरच्या साडीवर यांतले बहुतेक रंग बसत नाहीत, हेही कळेल. मग त्या साऱ्या पट्ट्या, साधलेल्या आणि फसलेल्या, एका गोधडीत शिवा. पाच वर्षांनी ती अंथरली की कोणता रंग बोलला आणि कोणता गप्प बसला, हे एका दृष्टिक्षेपात दिसेल.

शेवटचा मुद्दा मोलाचा, म्हणजे किमतीचा. सहा फूट लांब व चार फूट रुंद गोधडीवर दोन दोन सेंटिमीटरांवर ओळी घातल्या तर सुमारे ११० मीटर शिवण होते. सेंटिमीटरला एक टाका धरला तरी ११ हजार टाके झाले. आज शहरांतल्या दुकानांत गोधडीला मान आला आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु चिठ्ठीवर नाव दुकानाचे असते, कल्पना चित्रकाराची म्हणतात, आणि ११ हजार टाके घालणारीला ‘शिवणारी बाई’ एवढेच म्हणतात. कोणता तुकडा कोठे बसेल हे जिने ठरविले, तिला आपण कलावंत का म्हणू नये? तिचे नाव त्या चिठ्ठीवर का असू नये? निळीच्या इतिहासाने एक धडा दिलेला आहे: रंग पाहून भुलू नका, तो कोणाच्या श्रमावर चढला आहे ते विचारा.

म्हणून माझी विनंती एवढीच. घरात जी जुनी गोधडी असेल ती या सुट्टीत उघडून पाहा, आणि ती शिवणारी आजी, आत्या किंवा शेजारीण हयात असेल तर तिच्याजवळ बसून टाका कसा घालायचा ते शिकून घ्या. शिकताना तिचे नाव, गाव आणि साल गोधडीच्या कोपऱ्यात दोऱ्यानेच लिहून ठेवा. बोटांतली विद्या एकदा विसरली गेली की परत मिळवायला किती खटाटोप पडतो, हे रंगांच्या बाबतीत आपण पाहिलेच आहे. सुईच्या बाबतीत तशी पाळी येऊ न देणे आपल्या हाती आहे.