अडलेली बाई आणि पेटीतला चिमटा

आनंदीबाई जोशी ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. प्रबंधासाठी त्यांनी विषय घेतला होता आर्य हिंदूंमधले प्रसूतिशास्त्र. चौदाव्या वर्षी त्यांचे पहिले बाळंतपण झाले आणि मुलगा दहा दिवसांत गेला. हा विषय त्यांना का सुचला असेल, ते वेगळे सांगायला नको.

त्या शास्त्राचा आपल्याकडचा जुना आधार म्हणजे सुश्रुतसंहिता. मूल वाटेत आडवेतिडवे अडकले की सुश्रुत त्याला मूढगर्भ म्हणतो. मूल जिवंत असेल तर त्यावर शस्त्र चालवायचे नाही, अशी त्याची सक्त ताकीद आहे. मेलेले असेल तर आईचा जीव वाचवण्यासाठी ते कापून काढायचे, पण गोल टोकाच्या मंडलाग्राने. वृद्धिपत्र या दुसऱ्या शस्त्राचे टोक तीक्ष्ण, ते आईला लागेल. आज वाचताना अंगावर काटा येतो, तरी हत्यार निवडताना आईचा विचार केलेला आहे, हे विसरता येत नाही. युरोपातही शेकडो वर्षे सुइणीच्या मदतीला बोलावलेल्या शल्यवैद्याकडे आकडे आणि सुऱ्याच असत. तो दारात आला म्हणजे मुलाची आशा सोडायची.

जिवंत मूल ओढून काढणारा चिमटा इंग्लंडात चेंबरलेन घराण्याने काढला. हे लोक धर्मछळाला कंटाळून १५६९ मध्ये फ्रान्समधून तिकडे गेले होते. युक्ती साधी होती. चिमट्याची दोन पाती सुटी ठेवायची, एकेक करून मुलाच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंनी सरकवायची आणि मग बाहेर एकमेकांत अडकवायची. अख्खा चिमटा आत जाणे शक्य नव्हते. सुटे पाते जाई. ही गोष्ट या घराण्याने शंभरावर वर्षे गुपित ठेवली. दोन माणसांनी उचलायची भलीमोठी पेटी घेऊन ते येत आणि बाळंतिणीचे डोळे बांधत, असे सांगतात. ह्यू चेंबरलेन १६७० मध्ये हे गुपित विकायला पॅरिसला गेला. मोरिसो या नामांकित वैद्याने परीक्षेसाठी त्याच्यापुढे मुडदुसाने कटिभाग आक्रसलेली एक बाई ठेवली. तीन तास झटापट झाली, मूल निघाले नाही आणि बाई दगावली. सौदा करणाऱ्या दोघांचीही नावे इतिहासात आहेत, तिचे नाही.

पुढे चिमटा सर्वांच्या हाती आला आणि मग मात्र त्याची भराभर सुधारणा झाली. लेव्हरे या वैद्याने त्याला कटिभागाच्या वळणाचा बाक दिला; स्मेली या दुसऱ्या वैद्याने पात्यांना चामडे गुंडाळले, लोखंडाच्या खणखणाटाने बाई घाबरू नये म्हणून. चेंबरलेनांचे मूळ चिमटे १८१३ मध्ये एसेक्समधल्या त्यांच्या जुन्या घराच्या फळ्यांखाली सापडले.

पण गोऱ्या बाईच्या मापाचा चिमटा आपल्या बाईला कसा चालावा? कोलकात्याच्या केदारनाथ दासांनी हा प्रश्न धसाला लावला. जगभरच्या शेकडो चिमट्यांचा इतिहास त्यांनी १९२९ मध्ये ग्रंथरूपाने छापला आणि इथल्या लहान कटिभागाला, कमी वजनाच्या मुलांना मानवेल असा हलका, आखूड चिमटा घडवला. ‘दास फोर्सेप्स’ आपल्याकडचे विद्यार्थी आजही शिकतात.

मराठी मुलखाचे नाव जगभर गेले ते मात्र सुईमुळे. गोव्याच्या शिरोड्यात १८९९ मध्ये जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवत. काही बायकांचा गर्भ दर खेपेला चौथ्या-पाचव्या महिन्यात पडे, कारण गर्भपिशवीचे तोंड वेळेआधीच उघडे. शिरोडकरांनी बाईच्याच मांडीतल्या चिवट पडद्याची पट्टी काढली आणि मुठीला बसवलेल्या, टोकाजवळ नेढे असलेल्या वाकड्या सुईने ती पिशवीच्या तोंडाभोवती ओवून आवळली. १९५५ मध्ये त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. चेंबरलेनांसारखी पेटी त्यांनी जवळ ठेवली नाही, हे मुद्दाम सांगायला हवे. शिरोडकर टाका आज परदेशातही त्याच नावाने घातला जातो.

विदर्भाच्या टोकाला, गडचिरोलीत, अभय आणि राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ संस्था काढली. तिथल्या दाईला दहापर्यंत मोजता येई, पन्नास-साठपर्यंत नाही. आणि तान्ह्याचा न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटाचे श्वास मोजावे लागतात. मग मण्यांचे एक साधन बनले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, शेजारी मिनिटाचे वाळूचे घड्याळ. वाळू संपायच्या आत शेवटच्या मण्याची पाळी आली तर मूल आजारी. पुढे ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूत दाईबरोबर बाळंतपणाला हजर राहू लागली. न रडणाऱ्या बाळाला श्वास द्यायचे साधन तिच्या झोळीत आले. ‘लॅन्सेट’मध्ये १९९९ साली छापून आलेल्या निष्कर्षानुसार तिथला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. पोलादाचा एकही चिमटा त्यात नव्हता.

आता चिमटाच मागे पडतो आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली २५.४ टक्के बाळंतपणे सिझरने झालेली दिसतात. ज्यांना सिझरवाचून गत्यंतर नव्हते त्यांचे प्राण त्याने वाचवले, यात शंका नाही. पण चिमटा किंवा स्वीडनच्या माल्मस्ट्रॉमने १९५०च्या दशकात रूढ केलेला व्हॅक्यूमचा कप सफाईने लावणारे हात कमी होत चालले, तर त्याचा फटका मुंबईपेक्षा मोताळ्यासारख्या तालुक्याच्या गावाला जास्त बसतो. मूल अगदी खाली आलेले, आई थकलेली आणि बाळाचे ठोके मंदावलेले असताना राजूर घाट चढून बुलढाणा गाठायचे म्हणजे हातची वेळ रस्त्यात घालवायची. अशा वेळी कप कधी लावायचा, किती वेळा ओढायचे आणि कधी थांबायचे, हे शिकलेला माणूस तालुक्याच्या ठिकाणीच हवा. आणि कप दोन-तीनदा ओढूनही मूल सरकले नाही, तर दारात गाडी तयार हवी.