वूमेराच्या आकाशातील एक मिनिट



अंतराळयान आकाशात कसे झेपावते हे आपण सर्वांनी चित्रांतून पाहिले आहे. ते परत येताना जमिनीवरून कसे दिसते, याविषयी मी आज चार शब्द सांगणार आहे.

जपानने मे २००३ मध्ये 'हायाबुसा', म्हणजे ससाणा, या नावाचे यान इतोकावा नामक लघुग्रहाकडे पाठविले. २००५ च्या नोव्हेंबरात ते तेथे टेकले आणि मग संकटांची रांगच लागली. इंधन गळाले, सुमारे दीड महिना संपर्क तुटला. २००७ मध्ये यायचे यान तीन वर्षे रखडले. २००९ मध्ये तर अभियंत्यांनी दोन बिघडलेल्या इंजिनांचे शाबूत भाग मिळून एक इंजिन चालविले. आपला गॅरेजवालाही असे करतो म्हणा, पण त्याच्या हातात पाना असतो. येथे केवळ रेडिओसंदेश होते!

अखेर १३ जून २०१० रोजी रात्री साडेअकराच्या सुमारास ऑस्ट्रेलियातील वूमेराच्या माळरानावर यान आले. सुमारे ४० सेंटिमीटर व्यासाची कुपी तीन तास आधीच सुटी झाली होती. मूळ बेत असा की, कुपी सोडून यानाने बाजूला वळावे. परंतु वळण्यापुरते इंधनच नव्हते, म्हणून तेही कुपीमागोमाग वातावरणात शिरले. पाहणाऱ्यांना प्रथम एक ठिपका दिसला. तो झगझगला, फुटला, ठिकऱ्या जळत विझत गेल्या. त्या सर्वांच्या पुढे एक लहानसा ठिपका मात्र अखंड चालला होता. तीच कुपी.

ही आग घर्षणाने लागते असे आपण म्हणतो, ते पुरते खरे नाही. सायकलच्या पंपात हवा दाबली की पंपाचे टोक तापते ना? कुपीचा वेग सेकंदाला सुमारे १२ किलोमीटर होता. या वेगाने मुंबईहून पुण्याला तेरा सेकंदांत पोहोचता येईल. पुढची हवा बाजूला सरण्याआधीच दाबली जाते, तापते आणि प्रकाशते. कुपीचे तोंड मुद्दाम बोथट ठेवलेले असते, त्यामुळे ही तप्त हवा तिच्यापासून थोडी दूर राहते. बाकीची उष्णता कवच स्वतः जळून सोसते.

जमिनीवर कॅमेरे रोखून बसलेली मंडळी केवळ तमाशा पाहण्यासाठी आलेली नव्हती. प्रकाशाचे रंग वेगळे केले की कवच किती तापले, कोणता धातू जळतो आहे, हे कळते. अमेरिकेचे एक विमानही हे टिपत होते आणि त्यात तीन शाळकरी विद्यार्थी काम करीत होते, हे येथील मुलांनी ध्यानात घ्यावे. कवच फुटले असते तर सात वर्षांची मेहनत त्या मिनिटात राख झाली असती.

कुपी छत्रीने उतरली आणि हेलिकॉप्टरने त्याच रात्री तिचा ठावठिकाणा लावला. आत इतोकावाचे सुमारे १५०० कण मिळाले. बहुतेक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान!

डिसेंबर २०२० मध्ये 'हायाबुसा-२'ची कुपी त्याच माळावर उतरली. त्या वेळी आकाशात एकच रेघ उमटली. यानापाशी इंधन शिल्लक होते, ते वळून दुसऱ्या लघुग्रहाच्या वाटेला लागले होते.