ताई ची शिकणाऱ्याचे आचार



चीनमधल्या बागांतून भल्या पहाटे माणसं संथपणे हातपाय हलवताना दिसतात. बघणाऱ्याला वाटावं, हा म्हाताऱ्यांचा व्यायाम. व्यायाम तर तो आहेच. पण मुळात ही झुंजीची विद्या आहे. नाव ताई ची छ्वान. 'छ्वान' म्हणजे मूठ. हेनान प्रांतातल्या चेनजियागौ या खेड्यात चेन घराण्याने ती पिढ्यान्‌पिढ्या जतन केली. यांग लूचान हे त्या घराण्याबाहेरचे. ते तिथे शिकले आणि एकोणिसाव्या शतकात त्यांनी ती बीजिंगला नेली. १९५६ साली चीनच्या क्रीडा आयोगाने तिचा २४ हालचालींचा सोपा क्रम बसवला.

यांग लूचान यांचे नातू यांग चेंगफू यांनी विद्यार्थ्यांसाठी दहा सूत्रे सांगितली. त्यांतली काही अशी : मस्तक वरून टांगल्यासारखे सरळ असावे, खांदे व कोपरे खाली सोडावीत, कंबर सैल असावी, कोणता पाय भरलेला व कोणता रिकामा, याचे भान असावे, आणि बळाने नव्हे, तर मनाने हलावे. भरल्या-रिकाम्याचे कारण साधे आहे. दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहिले, की चटकन वळता येत नाही.

आता आचार. प्रारंभी उजव्या मुठीवर डावा तळवा ठेवून अभिवादन करतात. आपल्याकडे आखाड्याची माती कपाळी लावतात ना, तसंच. पण खरी कसोटी पुढे, 'तुइशौ'त लागते. दोघे समोरासमोर उभे राहून मनगटाला मनगट भिडवतात आणि एकमेकांचा तोल पाहतात. अंगात जोर असलेला तरुण पहिल्याच दिवशी जोडीदाराला ढकलतो नि म्हणतो, मी जिंकलो! त्यात त्याला मिळालं काय? जोर त्याच्याजवळ आधीच होता. उलट ताठ झालेला हात त्याच्याच तोलाचा ठावठिकाणा दुसऱ्याला सांगतो. शिवाय अशा घिसाडघाईत एखाद्याचा सांधा दुखावतो. जोडीदाराने आपला देह विश्वासाने आपल्या हाती दिलेला असतो, हे विसरून चालत नाही. जो ढकलला जायला तयार असतो, तोच हळूहळू वाट द्यायला शिकतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, गुरूचाही आचार असतोच. गुडघा आत वळतो आहे, बोटांच्या पुढे जातो आहे, हे त्याने वेळीच पाहावे. एका वेळी एकच चूक सुधारावी. आणि "गुरुजी, दुखतं" असं म्हणायची शिष्याला भीती वाटता कामा नये. आदर म्हणजे मुकाट सोसणं नव्हे.

तुइशौत जे साधायचे, त्याला चिनी भाषेत 'थिंग' म्हणतात, म्हणजे ऐकणे. इथे ऐकायचे ते कानांनी नव्हे, कातडीने : समोरच्याचा जोर कुठून येतो, कुठे संपतो. स्वतःचा जोर थोडा आवरल्याशिवाय दुसऱ्याचे ऐकू येत नाही. वर्गात शिकवतानाही हे ध्यानात ठेवण्याजोगं आहे.