घरच्या कार्यशाळेत थिकनेस प्लेनर



घरी सुतारकामासाठी थिकनेस प्लेनर आणलाय?
मग एक गोष्ट आधी ऐका.

हे यंत्र फळीची जाडी सारखी करतं.
वाकलेली फळी मात्र सरळ करत नाही.
आतले रोलर तिला दाबून धरतात…
बाहेर आली, की ती पुन्हा वाकते.

म्हणून एक बाजू आधी हातरंध्याने सपाट करा.
तीच बाजू खाली ठेवा.
पुन्हा सांगते…
आधी एक बाजू सपाट, मगच यंत्र.

यंत्र डुगडुगता कामा नये.

फळीच्या टोकाला खड्डा पडतो?
यंत्राच्या पुढच्या-मागच्या दोन्ही टेबलांची बाहेरची कड किंचित उचला.
खड्डा बराच कमी होतो.

एका वेळी पातळच थर काढा.
सागात सिलिका असते,
त्यामुळे पाती लवकर बोथट होतात.

पाती बदलताना…
आधी प्लग काढा.