अ‍ॅप बंद, बैठक चालू

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेलं बोलणं)



"मॅडम, सर्व्हर डाउन होता, म्हणून बैठक घेतली नाही." हे वाक्य हल्ली मला फार ऐकायला मिळतं. म्हणून आज त्यावरच बोलते.

आपल्या नोंदींचं अ‍ॅप अधूनमधून बंद ठेवतात. 'देखभालीसाठी सेवा बंद' अशी सूचना येते. हे बिघडलंय म्हणून नव्हे, बिघडू नये म्हणून. गिरणीच्या दगडाला टाकी लावायची असली की त्या वेळी दळण मिळत नाही ना, तसंच. मग निम्म्या समूहांचं चालू ठेवून का करत नाहीत? समजा, आपण समूहाच्या पेटीतले पैसे मोजतोय आणि मधेच एकीनं दोनशे टाकले, दुसरीनं शंभर उचलले. लागेल का मेळ? अ‍ॅपच्या मागे मोठ्या संगणकावर सगळ्या समूहांचे आकडे एकत्र असतात. ते हलवताना कोणी बचत भरली, तर ती एका जागी दिसेल, दुसऱ्या जागी नाही. म्हणून सगळ्यांनाच थांबवतात.

पण बैठक कशाला थांबवायची? पंचसूत्रातलं पहिलंच सूत्र नियमित बैठकीचं आहे. अ‍ॅपचं त्यात नावही नाही. एका समूहात अ‍ॅप दोनच दिवस बंद होतं, बैठक मात्र पुढे ढकलता ढकलता महिना गेला. तेवढ्यात एका ताईंना बियाण्यासाठी पाच हजार हवे होते. पैसे शिल्लक होते, ठरावच झाला नाही. शेवटी त्यांनी सावकाराकडून घेतले. अ‍ॅप कधीच सुरू झालं, त्यांचं व्याज अजून चालू आहे.

तेव्हा वही काढा. बचत, परतफेड, नवीन कर्ज, सगळं वहीत आणि सभासदाच्या पासबुकात लिहा, सह्या-अंगठ्यांसकट. नंतर अ‍ॅपमध्ये भरताना तारीख बैठकीची टाका, भरायच्या दिवसाची नाही. नाहीतर वेळेवर दिलेला हप्ता उशिराचा दिसतो. बटण दाबल्यावर नुसतं चक्र फिरत राहिलं, तर नोंद गेली का ते आधी बघा, मगच परत भरा. दुबार नोंद शोधण्यात माझा अख्खा दिवस जातो, जरा दया करा!

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. अशा दिवसांत फसवणाऱ्यांचं फावतं. 'जुनं अ‍ॅप बंद झालं, हे नवीन टाका' म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फाईल येते. ती उघडू नका. ओटीपी कोणालाही सांगू नका, माझं नाव घेऊन मागितला तरी. पैसे गेलेच, तर घरी काय म्हणतील म्हणून गप्प बसू नका. लगेच १९३० वर फोन करा. जितकं लवकर कळवाल, तितकी रक्कम थांबवता येण्याची शक्यता जास्त.

ज्या समूहांच्या वहीची पानं कोरी राहिलीत, त्यांच्या सचिवांनी चहाच्या वेळी माझ्याकडे यावं. वही सोबत आणा.