नाक्याच्या अलीकडचं गोदाम

गेल्या काही महिन्यांत आयात शुल्क, म्हणजे टॅरिफ, हा शब्द आपण इतक्या वेळा ऐकला की आता किराणा दुकानातही त्याचीच चर्चा चालते. त्यातूनच एक प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतो: फॉरेन ट्रेड झोनमध्ये माल ठेवला तर शुल्क वाचतं का? आज त्याबद्दल बोलू.

मुंबई-ठाण्याकडच्या मंडळींना मुलुंडचा जकात नाका आठवत असेल. मुंबईत माल शिरला की जकात भरायची. 2017 मध्ये जीएसटी आला आणि ती बंद झाली. पण त्याआधी व्यापाऱ्यांची एक साधी युक्ती होती. माल नाक्याच्या अलीकडे, भिवंडीजवळच्या गावांत गोदामात ठेवायचा आणि गिऱ्हाईक मिळेल तसा मुंबईत आणायचा. माल पडून असेपर्यंत जकातीचे पैसे अडकत नसत. तोच माल नाशिकला गेला, तर मुंबईची जकात लागायचीच नाही.

अमेरिकेतलं मुक्त व्यापार क्षेत्र याच तत्त्वावर चालतं, फक्त ते कायद्याने बांधलेलं आहे. 1930 मध्ये स्मूट-हॉली कायद्याने आयात शुल्क खूप वाढलं, व्यापार आटला. म्हणून 1934 मध्ये फॉरेन ट्रेड झोनचा कायदा झाला आणि 1937 मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर पहिलं क्षेत्र सुरू झालं. आज पन्नासही राज्यांत अशी क्षेत्रं आहेत. न्यू जर्सीतल्या श्रोत्यांना न्यूअर्क-एलिझाबेथ बंदराचे कंटेनर टर्नपाइकवरून दिसतात. तिथलं क्षेत्र क्रमांक 49.

या क्षेत्रातली जमीन अमेरिकेचीच. किमान वेतन, कामगार सुरक्षा, इमिग्रेशन, सगळे कायदे तिथे लागू असतात. फक्त शुल्काच्या हिशेबापुरता तिथला माल देशात अजून आलेला नाही असं धरतात.

फायदे मुख्यतः तीन. पहिला: माल क्षेत्राबाहेर, देशाच्या बाजारात येईल तेव्हाच शुल्क भरायचं. दुसरा: माल परदेशी परत गेला तर शुल्क नाही. साउथ कॅरोलिनात स्पार्टनबर्गला बीएमडब्ल्यूचा कारखाना आहे. तिथल्या ज्या गाड्या निर्यात होतात, त्यांतल्या आयात भागांवर शुल्क पडत नाही. तिसरा फायदा कारखानदारांचा. 1950 मध्ये कायदा बदलून क्षेत्रात उत्पादनाला परवानगी मिळाली. मोटारीवरचा मूळ दर 2.5 टक्के आणि एखाद्या सुट्या भागावरचा दर त्याहून जास्त असेल, तर तयार मोटारीचा कमी दर लावून घेता येतो.

आता छोट्या धंद्याचं बघू. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ पितळी भांडी मागवतात. कुणीतरी त्यांना सांगितलं, झोनमध्ये जा, खूप वाचेल. ते घरावर कर्ज काढायच्या बेतात होते. आम्ही कागद-पेन घेऊन बसलो. समजा माल 40 हजार डॉलरचा आणि शुल्क 10 टक्के, म्हणजे 4 हजार. माल तीन महिन्यांत विकला जातो. 4 हजार डॉलर तीन महिने उशिरा भरले, तर 8 टक्के व्याजाने वाचले किती? 80 डॉलर! शुल्क 50 टक्के धरलं तरी 400. झोनमधल्या गोदामाचं भाडं, बॉन्ड, हिशेबाचं सॉफ्टवेअर, माणसाचा पगार, हे त्या 400 डॉलरमध्ये कसं बसणार? शुल्क माफ होत नाही, पुढे ढकललं जातं. कंटेनरमागून कंटेनर आणणाऱ्याला ते परवडतं. वर्षाला दोन खेपा आणणाऱ्याला नाही.

ते म्हणाले, "मग माल आत ठेवतो आणि दर उतरला की काढतो." इथे दुसरा खड्डा आहे. 2018 पासून चिनी मालावर जी जादा शुल्कं लागली त्यांत आणि 2025 मधल्या नव्या शुल्कांतही सरकारने अट घातली की अशा मालाचा दर क्षेत्रात शिरतानाच पक्का होतो. दर नंतर उतरला तरी तुमचा उतरत नाही. कारखानदारांचा तिसरा फायदाही त्या शुल्कापुरता गेला. शिवाय आत आलेल्या प्रत्येक खोक्याचा हिशेब कस्टमला द्यावा लागतो. खोकी कमी भरली तर शुल्क भरा, वर दंडाचीही भीती.

आणि जे धंदा करत नाहीत, त्यांचं काय? टेक्सससारख्या राज्यात गोदामातल्या मालावर स्थानिक कर असतो आणि शाळा त्यातून चालतात. क्षेत्रातल्या आयात मालाला त्या करातून सूट मिळते. म्हणून अशा ठिकाणी स्कूल डिस्ट्रिक्टचं म्हणणं आधी विचारलं जातं. तुमच्या गावात असा प्रस्ताव आला तर त्या सभेला जरूर जा. किती नोकऱ्या नव्या आणि किती शेजारच्या गावातून उचलून आणलेल्या, हे विचारा.

आपल्याकडचे दोन अनुभवही सांगतो. अंधेरीचं सीप्झ 1973 मध्ये सुरू झालं. मराठी मुलामुलींना तिथे नोकऱ्या मिळाल्या, हे खरंच. पण भारतातली ही क्षेत्रं निर्यातीसाठी आहेत. तिथला माल भारतात विकायचा तर आयात मालासारखं शुल्क भरावं लागतं. सीप्झमधल्या दागिन्यांचा मोठा वाटा अमेरिकेत येतो. ऑगस्ट 2025 मध्ये बऱ्याचशा भारतीय मालावर 50 टक्के जादा शुल्क लागलं, तेव्हा पुढचं दार अडलं आणि मागचं दार आधीपासूनच महाग होतं. तिथल्या कारागिराच्या हातात यातलं काहीच नव्हतं.

दुसरा अनुभव रायगडचा. तिथल्या मोठ्या एसईझेडला शेतकऱ्यांनी विरोध केला. सप्टेंबर 2008 मध्ये पेणकडच्या 22 गावांत त्यांचं मत घेतलं गेलं, आणि तो प्रकल्प ठरला तसा उभा राहिला नाही. हेटवणे धरणाच्या पाण्यावरची शेतजमीन देऊन काय मिळणार, हा त्यांचा प्रश्न होता. सवलत कोणाला आणि किंमत कोणाची, हाच तो प्रश्न. इथेही तोच विचारायचा आहे.

आमच्या गृहस्थांनी घरावर कर्ज काढलं नाही. ते साधं गोदाम वापरतात आणि खेपा लहान ठेवतात. तुमचा व्यापार मोठा असेल, माल परत बाहेर जाणारा असेल, तर झोनचा विचार अवश्य करा, परवानाधारक कस्टम ब्रोकरला विचारा. पण आधी कागद-पेन घेऊन बसा.