लॉवेलच्या गिरण्या आणि दहा तासांचा लढा

कॉम्रेड्स, अमेरिकन भांडवलशाहीची भरभराट दुहेरी शोषणावर उभी राहिली. दक्षिणेतील मळ्यांत गुलाम कापूस पिकवीत. मॅसॅच्युसेट्समधील लॉवेलच्या गिरण्यांत शेतकऱ्यांच्या मुली तो कातीत, विणीत. १८३४ साली मालकांनी मजुरीकपात जाहीर करताच या मुलींनी संप पुकारला. १८३६ साली वसतिगृहांचे दर वाढताच पुन्हा पुकारला. १८४५ साली सारा बॅगले व त्यांच्या सहकारी कामगार स्त्रियांनी विधिमंडळाच्या समितीपुढे दहा तासांच्या दिवसाची मागणी मांडली. समितीने हस्तक्षेपास नकार दिला. १८६५ साली गुलामगिरी घटनादुरुस्तीने रद्द झाली. दहा तासांचा कायदा मात्र मॅसॅच्युसेट्समध्ये १८७४ साली झाला, तोही केवळ स्त्रिया व मुलांपुरता. मधली एकोणतीस वर्षे कामगारांच्या नव्या पिढ्यांनी ती मागणी जिवंत ठेवली, म्हणूनच ती कायद्यात उतरली.